संघसुधारणेतील नव्या खेळाडूचा वाटा : लेस्टर सिटी आणि एन्गोलो कान्टे यांच्या उदाहरणाच्या आधारे एक विवेचन

बीजसंज्ञा : फुटबॉल, खेळाडूंचे मूल्यमापन, कार्यकारणभाव, तुलनेचा आधार, इंग्लिश प्रीमियर लीग

प्रस्तावना

फुटबॉलचा हंगाम संपला की संघात नव्याने आलेल्या खेळाडूंपैकी संघाला सर्वाधिक कोणी सुधारले, हा प्रश्न दरवर्षी चर्चिला जातो. प्रश्न वरवर सोपा वाटतो. गतवर्षीचा गुणतक्ता आणि यंदाचा गुणतक्ता शेजारी ठेवावा, मधल्या काळात कोण आले ते पाहावे आणि श्रेय देऊन मोकळे व्हावे, अशी रूढ पद्धत आहे. या पद्धतीवर कोट्यवधी पौंडांचे व्यवहार होतात आणि प्रशिक्षकांच्या नोकऱ्या जातात. तरीही ती तर्काच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार क्वचितच होतो.

क्रिकेटच्या संस्कारात वाढलेल्या भारतीय वाचकाला या प्रश्नातील अडचण लवकर जाणवत नाही. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडू ही एक स्वतंत्र घटना असते. गोलंदाज एक, फलंदाज एक, आणि धाव किंवा बळी कोणाच्या तरी नावे लागतो. फुटबॉलमध्ये बावीस खेळाडू एकाच वेळी एकमेकांच्या हालचालींवर परिणाम करीत असतात आणि संपूर्ण सामन्यात नोंद होण्याजोग्या निर्णायक घटना दोन-तीनच घडतात. याला अधिक जवळचे उदाहरण कबड्डीचे आहे. चढाईपटूचे गुण सर्वांच्या डोळ्यांसमोर लागतात. परंतु कोपऱ्यातील खेळाडूने केवळ पाऊल पुढे टाकून चढाईपटूला मध्यभागाकडे वळविले आणि तेथे शेजाऱ्याने पकड साधली, तर त्या पावलाची नोंद कोठेच होत नाही. फुटबॉलमधील बहुतांश खेळ हा अशा नोंद न होणाऱ्या पावलांचाच असतो.

प्रस्तुत लेखात इंग्लिश प्रीमियर लीगमधील एका सुपरिचित उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. एन्गोलो कान्टे हा फ्रेंच खेळाडू २०१५ मध्ये लेस्टर सिटी या संघात आला आणि २०१६ मध्ये चेल्सीत गेला. सामाजिक शास्त्रांत ज्याला ‘नैसर्गिक प्रयोग’ म्हणतात, त्याच्या इतके जवळ जाणारे उदाहरण फुटबॉलच्या इतिहासात विरळा. एकच व्यक्ती एका संघातून निघते, दुसऱ्यात जाते, आणि दोन्ही संघांचे भाग्य उलटसुलट होते. म्हणूनच ते तपासण्याजोगे आहे.

गुणतक्ता काय सांगतो

२०१४-१५ च्या हंगामात लेस्टर सिटीने ३८ सामन्यांत ४१ गुण मिळविले आणि संघ चौदाव्या स्थानी राहिला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात फ्रान्समधील कां या संघाकडून कान्टेला घेण्यात आले. वृत्तपत्रांतील माहितीनुसार त्याची किंमत सुमारे ५६ लाख पौंड होती. २०१५-१६ मध्ये लेस्टरने ८१ गुणांसह विजेतेपद पटकाविले. हंगामाच्या आरंभी सट्टेबाजांनी या शक्यतेला पाच हजारास एक असा भाव दिला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात कान्टे सुमारे ३ कोटी २० लाख पौंडांना चेल्सीकडे गेला. २०१६-१७ मध्ये लेस्टर ४४ गुणांवर आणि बाराव्या स्थानी घसरला, तर आदल्या वर्षी ५० गुणांसह दहाव्या क्रमांकावर असलेल्या चेल्सीने ९३ गुणांसह अजिंक्यपद मिळविले.

म्हणजे कान्टे आला तेव्हा एका संघाचे ४० गुण वाढले, तो गेला तेव्हा त्याच संघाचे ३७ गुण घटले, आणि तो जेथे गेला तेथे ४३ गुण वाढले. तीनही आकडे जवळजवळ सारखे आहेत. एका खेळाडूचे मोल चाळीस गुण असे गणित यावरून सहज मांडता येते आणि त्या काळात अनेकांनी ते मांडलेही. आकडे खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागतो.

सुधारणा केव्हा सुरू झाली

पहिली शंका काळाविषयीची आहे. २०१४-१५ च्या हंगामातील ४१ गुण हा लेस्टरचा ‘आधीचा’ आकडा म्हणून धरला जातो. परंतु त्या हंगामाचे दोन अगदी भिन्न भाग पडतात. पहिल्या २९ सामन्यांत संघाने केवळ १९ गुण मिळविले होते आणि तो तळाशी होता. अखेरच्या ९ सामन्यांत ७ विजय, १ बरोबरी व १ पराभव अशा कामगिरीने त्याने २२ गुण जमविले. पहिल्या भागात सामन्यामागे सरासरी ०.६६ गुण, तर दुसऱ्यात २.४४. विजेतेपदाच्या हंगामातील सरासरी २.१३ होती. याचा अर्थ कान्टेने लेस्टरचा पोशाख अंगावर चढविण्यापूर्वीच संघ विजेत्याच्या गतीने, किंबहुना थोड्या अधिक गतीने, धावू लागला होता.

या नऊ सामन्यांचा काळ नायजेल पिअर्सन यांच्या प्रशिक्षणाखालील होता. जून २०१५ च्या अखेरीस त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि जुलैमध्ये क्लॉडिओ रानिएरी आले. रॉबर्ट हुथ हा उंचापुरा जर्मन बचावपटू फेब्रुवारी २०१५ मध्ये उसनवारीवर संघात आला होता. उन्हाळ्यात त्याला कायम करण्यात आले. कागदोपत्री हुथ हाही २०१५-१६ चा ‘नवा’ खेळाडू ठरतो, प्रत्यक्षात त्याचा परिणाम आधीच्या हंगामातच दिसू लागला होता. नऊ सामन्यांचा नमुना लहान आहे, हे मान्य केलेच पाहिजे. एवढ्या छोट्या तुकड्यावरून विजेतेपदाचे भाकीत करणे अविचाराचे ठरले असते. तथापि ४१ या एका आकड्याखाली दोन वेगळे संघ झाकले गेले आहेत, एवढे सिद्ध करण्यास तो पुरेसा आहे.

महाविद्यालयीन जीवनातही असा प्रकार अपरिचित नाही. एखाद्या विभागाचा निकाल सलग तीन सत्रे सुधारत असतो, चौथ्या सत्रात नवे प्राध्यापक रुजू होतात आणि अहवालात सगळी वाढ त्यांच्या नावे जमा होते.

एकाच वेळी बदललेल्या गोष्टी

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. २०१५-१६ च्या हंगामाच्या पोटात शिरून पाहिले असता बचावाच्या आकड्यांत एक स्पष्ट भेग दिसते. पहिल्या ७ सामन्यांत लेस्टरविरुद्ध १४ गोल झाले. त्यांपैकी ५ एकट्या आर्सेनलने सप्टेंबरमधील सामन्यात केले. उरलेल्या ३१ सामन्यांत मिळून केवळ २२ गोल झाले. सामन्यामागे दोन गोलांचे प्रमाण एकदम पाऊण गोलाच्याही खाली आले. आर्सेनलकडून झालेल्या त्या पराभवानंतर रानिएरी यांनी दोन्ही फुलबॅक बदलले. डावीकडे ख्रिस्तियान फुक्स आणि उजवीकडे डॅनी सिम्पसन आले. सिम्पसन आदल्या वर्षापासून संघात होता. ऑस्ट्रियाचा फुक्स मात्र नवा होता आणि शाल्क या जर्मन संघाशी असलेला त्याचा करार संपल्यामुळे लेस्टरला तो विनाशुल्क मिळाला होता.

कान्टे या भेगेच्या दोन्ही बाजूंना संघात होता. आरंभी त्याचे स्थान पक्के नव्हते आणि काही सामन्यांत तो बदली खेळाडू म्हणून उतरला, हे लक्षात घेतले तरी बचावातील सुधारणेचे संपूर्ण श्रेय त्याला देता येत नाही. दोन कारणे एकत्र काम करीत असतील तर केवळ आकड्यांच्या आधारे त्यांचे वाटे वेगळे करता येत नाहीत. मधल्या फळीत चेंडू हिसकावून घेणारा आला म्हणून फुलबॅकवरील भार हलका झाला, की फुलबॅक आपली जागा न सोडता बचाव करू लागले म्हणून मधल्या फळीला निर्धास्तपणे पुढे धावता आले? दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि बहुधा आहेतच. तरीही किमतीच्या मानाने पाहिल्यास नव्या खेळाडूंच्या यादीत फुक्सचे नाव जेथे असते, त्याहून ते बरेच वर असावयास हवे.

आक्रमणाची बाजू याहून सोपी आहे. जेमी वार्डीने त्या हंगामात २४ आणि रियाद माहरेझने १७ गोल केले. हे दोघेही जुने खेळाडू होते. व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार माहरेझलाच मिळाला. नवा आघाडीपटू शिन्जी ओकाझाकी याचे साखळीतील गोल केवळ ५ होते. त्याचे खरे काम प्रतिस्पर्धी बचावपटूंना सतत धावडविण्याचे होते आणि ते गोलांच्या रकान्यात दिसणारे नव्हते.

योगायोगाचा हिस्सा

येथे संख्याशास्त्राचा थोडा आधार घेणे आवश्यक आहे. गोल ही विरळ घटना असल्याने तिची वारंवारिता स्थूलमानाने पॉयसाँ वितरणाला अनुसरते, आणि अशा वितरणात विचलन हे सरासरीच्या वर्गमुळाइतके असते. हंगामात ५५ गोल स्वीकारणाऱ्या संघाची बचावाची गुणवत्ता तीळमात्र न बदलता पुढच्या वर्षी तो आकडा सात-आठने सहज वरखाली होऊ शकतो. दोन हंगामांतील फरकाचे विचलन तर त्याहूनही मोठे असते. लेस्टरविरुद्धचे गोल ५५ वरून ३६ वर आले. या १९ गोलांच्या फरकासाठी अपेक्षित विचलन सुमारे साडेनऊ येते. म्हणजे हा फरक विचलनाच्या दुप्पट आहे. केवळ दैवाने एवढा बदल घडण्याची शक्यता कमी आहे, पण ती नाहीच असे नव्हे. शिवाय आपण हे उदाहरण निवडले ते ते असाधारण आहे म्हणूनच. साखळीतील वीस संघांपैकी जो सर्वाधिक सुधारला तोच अभ्यासासाठी घेतला, तर त्याच्या यशात दैवाचा वाटा सरासरीहून अधिक असणार हे उघड आहे.

याच नियमाची दुसरी बाजू चेल्सीच्या बाबतीत दिसते. २०१५-१६ चे ५० गुण ही चेल्सीची खरी पातळी नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी हा संघ ८७ गुणांसह विजेता होता. प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांची डिसेंबर २०१५ मधील गच्छंती आणि एकंदर विस्कळीतपणा यांमुळे तो हंगाम खड्ड्यात गेला होता. खड्ड्यातून वर येणारा संघ कोणीही नवा खेळाडू न घेताही काही पायऱ्या चढतोच. ८७ आणि ५० यांची सरासरी आधार म्हणून धरली, तर वाढ ४३ गुणांची न राहता सुमारे २५ गुणांची उरते.

चेल्सीत नेमके काय बदलले

त्या २५ गुणांचीही वाटणी करावी लागते. २०१६-१७ मध्ये चेल्सीला अंतोनिओ कोंते हे नवे प्रशिक्षक लाभले. (कान्टे आणि कोंते या नामसादृश्याने वाचकाचा घोटाळा होऊ नये.) दहाव्या क्रमांकामुळे चेल्सीला त्या वर्षी युरोपीय स्पर्धा खेळाव्या लागल्या नाहीत; आठवडाभर सरावाला मोकळा मिळत असे. याउलट लेस्टर विजेता म्हणून चॅम्पियन्स लीगमध्ये उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. ज्या वर्षी कान्टेने एक संघ सोडून दुसरा धरला, त्याच वर्षी या दोन संघांवरील सामन्यांचे ओझेही परस्परांत बदलले, ही बाब त्या चाळीस-चाळीस गुणांच्या चर्चेत सहसा विसरली जाते.

निर्णायक पुरावा मात्र हंगामाच्या पहिल्या सहा सामन्यांत आहे. या सहा सामन्यांत कान्टे असूनही चेल्सीने १० गुणच मिळविले आणि २४ सप्टेंबर २०१६ रोजी आर्सेनलने त्याला ३-० असे हरविले. त्यानंतर कोंते यांनी तीन बचावपटू आणि दोन्ही बगलांवर धावणारे दोन खेळाडू अशी रचना स्वीकारली. पुढचे सलग १३ सामने चेल्सीने जिंकले. बगलांवर नवा मार्कोस आलोन्सो आणि अनेक हंगाम उसनवारीवर इतरत्र फिरून परतलेला व्हिक्टर मोझेस होते. नव्या रचनेत मधल्या फळीत दोनच खेळाडू उरत असल्याने तिघांचे काम दोघांनी करणे भाग होते, आणि ते करू शकेल असा माणूस कान्टे होता. रचनेमुळे कान्टे फुलला आणि कान्टेमुळे रचना शक्य झाली. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला, तो योग्यच होता. मात्र चेंडू हिसकावण्याचे त्याचे आकडे लेस्टरच्या तुलनेत घटले होते. लेस्टरकडे चेंडूचा ताबा निम्म्याहून कमी वेळ असे, त्यामुळे तो हिसकावण्याचे प्रसंगही अधिक येत. २०१५-१६ मध्ये त्याने १७५ वेळा चेंडू हिसकावला आणि १५६ वेळा प्रतिस्पर्ध्यांचे पास मध्येच अडविले. चेल्सी अधिक काळ चेंडू राखणारा संघ होता. वैयक्तिक आकडे हे खेळाडूइतकेच त्याच्या संघाचेही वर्णन करतात, हे यातून स्पष्ट होते.

अनुपस्थितीची कसोटी

खेळाडू मैदानात असताना आणि नसताना संघाची कामगिरी ताडून पाहणे, ही एक पर्यायी पद्धत आहे. दुर्दैवाने कान्टेच्या बाबतीत ती निरुपयोगी ठरते, कारण विजेतेपदाच्या हंगामात तो ३८ पैकी ३७ सामने खेळला. उत्तम खेळाडूंची हीच अडचण आहे. त्यांच्याविना झालेले सामने इतके थोडे असतात की तुलनेला दुसरी बाजूच राहत नाही.

दीर्घ दुखापत झाली तर मात्र दुसरी बाजू मिळते. लिव्हरपूलचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक हा जानेवारी २०१८ मध्ये सुमारे ७ कोटी ५० लाख पौंडांना आला होता. १७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला आणि उर्वरित हंगाम तो खेळू शकला नाही. २०१९-२० मधील ९९ गुणांवरून लिव्हरपूल २०२०-२१ मध्ये ६९ गुणांवर आला. बचावपटू गेला म्हणून विरुद्ध झालेले गोल वाढले असणार, अशी अपेक्षा होते. ते ३३ वरून ४२ वर गेले, म्हणजे वाढ ९ ची. पण संघाने केलेले गोल ८५ वरून ६८ वर आले. घट १७ ची. हानी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला अधिक झाली! याचे एक कारण असे, की इतर बचावपटूही जायबंदी झाल्याने फाबिन्यो आणि जॉर्डन हेंडरसन या मधल्या फळीतील खेळाडूंना मागे खेळवावे लागले आणि चेंडू पुढे पोहोचविणारी साखळीच तुटली. दुसरे, व्हॅन डाइकचे लांब पल्ल्याचे अचूक पास हेच अनेक आक्रमणांचे उगमस्थान होते. तेव्हा खेळाडूचा प्रभाव त्याच्या जागेच्या रकान्यातच शोधणे ही चूक ठरते. अर्थात येथेही एकट्या व्हॅन डाइकची अनुपस्थिती मोजली गेली असे म्हणता येत नाही, कारण जायबंदी झालेल्यांची रांगच लागली होती.

कोणाच्या जागी?

या सर्व पद्धतींहून अधिक उपयुक्त ठरणारा प्रश्न वेगळा आहे. तो खेळाडू आला नसता, तर त्याच्या जागी कोण खेळले असते? बेसबॉलच्या अभ्यासकांनी ‘पर्यायी खेळाडूची पातळी’ ही कल्पना याच हेतूने रूढ केली. फुटबॉलमध्ये तिचे आकडे काढणे अवघड असले, तरी विचाराची दिशा म्हणून ती मोलाची आहे.

लेस्टरच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बोलके आहे. २०१४-१५ मध्ये मधल्या फळीचा आधार अर्जेंटिनाचा अनुभवी एस्तेबान कँबियासो होता. संघाचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली होती. उन्हाळ्यात तो संघ सोडून गेला. त्याची जागा भरून काढण्यासाठी स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संघाचे नेतृत्व केलेला गोखान इनलर नापोलीकडून आणण्यात आला. नाव, अनुभव, प्रतिष्ठा या सर्व दृष्टींनी तो कान्टेपेक्षा मोठा होता. कान्टेच्या गाठी फ्रान्सच्या सर्वोच्च साखळीतील अवघा एक हंगाम होता. कान्टे नसता तर इनलर खेळला असता, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. प्रत्यक्षात इनलरला साखळीतील केवळ ५ सामन्यांत संधी मिळाली. म्हणून कान्टेचे योगदान मोजावयाचे तर ते कँबियासोच्या किंवा रिकाम्या जागेच्या तुलनेत नव्हे, तर इनलरच्या तुलनेत मोजावे लागते. आणि येथे त्याचे पारडे खरोखर जड होते. वार्डीच्या वेगावर आधारलेल्या प्रतिहल्ल्याला चेंडू हिसकावल्याबरोबर पुढे धाव घेणारा माणूस हवा होता. इनलर हा चेंडू राखून, सावकाश खेळ रचणारा खेळाडू होता. तो वाईट नव्हता. त्या संघाच्या घडणीत बसणारा नव्हता.

या विचारातून आणखी एक गोष्ट पुढे येते. ‘नव्या खेळाडूंपैकी सर्वोत्तम कोण’ या चर्चेत इनलरसारखी नावे आपोआप गळून पडतात आणि खेळाडू निवडणाऱ्यांचा अंदाज होता त्याहून अचूक भासू लागतो. लेस्टरची निवड-यंत्रणा सांभाळणारे स्टीव्ह वॉल्श यांची कान्टेमुळे मोठी वाहवा झाली आणि २०१६ मध्ये एव्हर्टनने त्यांना आपल्याकडे नेले. त्याच उन्हाळ्यात इनलरही आला होता, याची आठवण त्या वेळी कोणाला झाल्याचे दिसत नाही.

या कसोटीवर २०१५-१६ च्या लेस्टरमध्ये पहिले स्थान कान्टेलाच द्यावे लागते, फुक्सला दुसरे. चाळीस गुणांचा आकडा मात्र सोडून द्यावा लागतो. त्यातील मोठा हिस्सा मागील हंगामाच्या अखेरीपासून चालत आला होता, काही बचावाच्या फेररचनेचा होता, काही दुखापतींपासून मिळालेल्या अभयाचा.

गेल्यानंतरचे वर्ष

लेस्टरच्या २०१६-१७ मधील घसरणीचे खापर कान्टेच्या जाण्यावर आणि रानिएरी यांच्यावर फोडले गेले. पहिल्या २५ सामन्यांत २१ गुण झाल्यावर फेब्रुवारी २०१७ मध्ये, विजेतेपदाला वर्षही पूर्ण झाले नसताना, रानिएरी यांना काढून टाकण्यात आले. त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्या हाताखाली उरलेल्या १३ सामन्यांत संघाने २३ गुण मिळविले. कान्टे या दोन्ही काळांत नव्हता. मग पहिल्या २५ सामन्यांतील दुरवस्था त्याच्या अभावाची, की युरोपातील दगदगीची, की प्रतिस्पर्धी आता मागे राहून वार्डीला धावण्यास जागाच देत नव्हते याची? शेवटच्या कारणाचा विचार रानिएरी यांना काढणाऱ्यांनी केला होता काय, हे विचारण्याजोगे आहे.

चेल्सीची पुढची कथाही लक्षणीय आहे. २०१७-१८ मध्ये कान्टे आणि कोंते दोघेही होते, तरीही संघ ९३ वरून ७० गुणांवर आणि पाचव्या स्थानी आला. मधल्या फळीतील कान्टेचा जोडीदार नेमान्या मातिच याला मँचेस्टर युनायटेडला विकण्यात आले होते. त्यानंतर चेल्सीने लेस्टरकडून डॅनी ड्रिंकवॉटरला सुमारे साडेतीन कोटी पौंड देऊन घेतले. विजेतेपदाच्या हंगामात तो कान्टेच्या शेजारी खेळला होता आणि त्याच बळावर इंग्लंडच्या संघातही पोहोचला होता. ती जोडी चेल्सीत पुन्हा जमली नाही. ड्रिंकवॉटरला तेथे फारच थोडे सामने मिळाले. लेस्टरने दरम्यान, जानेवारी २०१७ मध्ये, विल्फ्रेड एन्डिडी हा तरुण नायजेरियन खेळाडू आणला होता. २०१७-१८ मध्ये चेंडू हिसकावण्यात तो साखळीत आघाडीवर राहिला, आणि लेस्टरचे गुण झाले ४७.